ज्वारीवरची काळी पट्टी

इंदापूरच्या स्टँडमागं सिद्धूचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी उघडायच्या, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हा त्याचा धंदा. हात काळे, बनियन काळं, भिंत काळी. त्या भिंतीवर कडा उंदरांनी कुरतडलेलं एक पोस्टर आहे. उसाच्या फडात चार पोरं उभी आहेत आणि वर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलंय, ‘करपा’. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं की हे कुठल्या औषध कंपनीचं हाय. करपा हा पिकावरचा रोग, तेव्हा विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. पण सिद्धूचं डोकं फिरतं ते फिरतंच. मग मोटार राहते बाजूला आणि त्या बिचाऱ्याला करपा नावाच्या रॉक बँडची सगळी कथा उभ्याउभ्या ऐकून घ्यावी लागते.

कथा वीसेक वर्षांपूर्वीची. वडगाव निंबाळकरचा इंद्रजित बारामतीला कॉलेजात होता. तिथं त्याला गिटारवाला शाहिद भेटला, ड्रम बडवणारा विशाल भेटला आणि बेसवाला संदेश भेटला. चौघांनी मिळून मराठीत रॉक करायचं ठरवलं. गाणी स्वतःची. लोडशेडिंगवर एक, कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीवर एक, नर्सिंगला पुण्याला गेलेल्या आणि माघारी न आलेल्या पोरीवर एक. गणेश मंडळं त्यांना बोलवायची, कारण ऑर्केस्ट्रापेक्षा ते स्वस्तात यायचे. आता एवढ्या आवाजाची गावाला सवय नव्हती. एका गावात तर सरपंचांनी मधेच माइक हातात घेऊन, पोरांनो, वाजवून झालं असेल तर आता गाणं म्हणा, असं प्रेमानं सांगितलं होतं. पण पुढच्या रांगेतली पोरं वेडी व्हायची. त्या पोरांत सगळ्यात वेडा सिद्धू.

बँडचा सराव सिद्धूच्याच दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालायचा. तिथं दिवसभर ठोकाठोक असायचीच, त्यामुळं शेजारीपाजारी तक्रार करत नसत. सिद्धूला ना वाजवता यायचं ना गाता. त्याचा आवाज म्हणजे पाणी संपल्यावर नुसती हवा ओढणारा पंप. पण गाणी सगळी पाठ, आणि कार्यक्रमात स्पीकरच्या बॉक्सला चिकटून उभं राहून तो प्रत्येक गाणं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ओरडून म्हणायचा. इंद्रजित स्टेजवरून त्याच्याकडं बघत हाताचा पंजा खाली-खाली दाबायचा. म्हणजे हळू, सिद्धू, हळू. लोक हसायचे. सिद्धूला वाटायचं, एवढ्या गर्दीत त्यानं आपल्यालाच ओळखलं. तो आणखी जोरात म्हणायचा.

नऊ गाणी होती. एकही कधी बाहेर आलं नाही. पुण्याच्या स्टुडिओची तारीख ठरली होती फेब्रुवारीतली. जानेवारीत, भोगीच्या आदल्या संध्याकाळी, इंद्रजित बारामतीहून मोटारसायकलवर घरी येत होता. रस्त्यात उसाची एक ट्रॉली बंद पडून उभी होती. मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, साधा उसाचा पाला जाळून ठेवायचीही कोणाला बुद्धी झाली नाही. अशा ट्रॉल्या आजही उभ्या असतात आणि आजही त्यांच्यावर आदळून कोणाची तरी पोरं जातात. इंद्रजित जागच्या जागी गेला. बँड त्याच दिवशी संपला.

उरली ती ऐकणारी माणसं. पहिली काही वर्षं पंचवीस-तीस जण भोगीला इंद्रजितच्या घरी जमायचे. मग लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, माणसं गळत गेली. शेवटी तिघं राहिली. एक सिद्धू. दुसरा विजयसिंह, वडगावच्याच दूध संस्थेचा सचिव. आणि तिसरी नसरीन, बावड्याच्या शाळेतली बाई. करपाला माइक-स्पीकरचा सेट पुरवणाऱ्या इब्राहिमभाईंची ती मुलगी. लहानपणी सगळे कार्यक्रम तिनं स्टेजच्या मागं, वडलांच्या टेम्पोत बसून ऐकलेले. इंद्रजितची आई सरुबाई दर भोगीला बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकऱ्या आणि भोगीची भाजी करायची, तिघांना पंगतीला बसवायची आणि म्हणायची, हं, सांगा आता.

आणि तिघं सांगायची. तेच तेच सांगायची, आणि दर वर्षी भांडायची. वीज गेल्यावर इंद्रजित माइकशिवाय गात राहिला तो कार्यक्रम बावड्याचा, असं सिद्धू म्हणायचा. विजयसिंह म्हणायचा, वडगावचा. नसरीन म्हणायची, वीज गेलीच नव्हती, अब्बा जनरेटरमध्ये डिझेल टाकायला विसरले होते. पाळीच्या गाण्यात ड्रम आधी की गिटार आधी, यावर एका वर्षी विजयसिंह ताटावरून उठला होता. सरुबाईला त्यातलं ओ की ठो कळत नसे. ती पोराचं नाव कितीदा येतं तेवढं ऐकत बसायची.

एका गाण्याची गोष्ट मात्र ती स्वतःहून काढायची. गाण्याचं नाव ‘दावं’. इंद्रजितनं ते आईवर केलं होतं आणि गायलं होतं एकदाच, बावड्याच्या गणपतीत. सरुबाई त्या कार्यक्रमाला गेली नव्हती. म्हैस व्यायला झाली होती, आणि पोरांच्या त्या दंग्यात बाईमाणूस उभं तरी कुठं राहणार? घरीच म्हण की, असं तिनं त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला होता की असं कोरडं नाही, पुण्याहून कॅसेट आणतो, मग बाजासकट ऐक. तेवढ्यावर ते राहिलं ते राहिलंच. स्वतःवरचं गाणं तिनं कधी ऐकलं नाही.

गाण्याची सुरुवात तिघांनाही येत होती.

दावं ढिलं सोड आये, दावं ढिलं सोड
वासराला लागली तुझ्या लांब रानाची ओढ

त्यापुढं एक कडवं अर्धं-मुर्धं, आणि शेवटचं कडवं साफ पुसलेलं. सरुबाई दर भोगीला विचारायची, मग शेवटाला ते वासरू माघारी येतं का न्हाय? सिद्धू ठामपणे सांगायचा, येतं. विजयसिंह सांगायचा, येत नाही, रॉकच्या गाण्यात कोणी माघारी येत नसतं. नसरीन म्हणायची, मला चाल तेवढी आठवते. मग सरुबाई सिद्धूच्या पानात आणखी एक भाकरी टाकायची आणि हसायची. तिला पक्कं ठाऊक होतं की हा पोरगा आपलं मन राखायला तसं सांगतो. सिद्धूचं म्हणाल तर, इतकी वर्षं तेच सांगून सांगून आपल्याला ते आठवतंय की आपणच ते रचलंय, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

त्या गाण्याची कॅसेट भरली होती, एवढं मात्र नक्की होतं. इब्राहिमभाईंची पद्धतच होती ती. जिथं सेट लावला तिथला कार्यक्रम टेप करायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा, की बघा माझ्या सेटचा आवाज. बावड्याला मिक्सरपासून टेपरेकॉर्डरकडं जाणारी वायर ऐन वेळी मेली. तेव्हा त्यांनी टेपरेकॉर्डरच एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, बॉक्सच्या समोर ठेवला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या माइकवर आवाज भरला जाईल. नाचणाऱ्या पोरांचा धक्का लागू नये म्हणून सिद्धूला खुर्ची धरून बसवलं. कॅसेटही सिद्धूनंच आणलेली, काळ्या पट्टीची, महागातली. एरवी इब्राहिमभाई तपकिरी पट्टीच्या स्वस्त कॅसेटी वापरायचे. ‘दावं’ सुरू व्हायच्या आधी पहिली बाजू संपली, तेव्हा कॅसेट उलटून बटण दाबलं तेही सिद्धूनंच. आणि त्या गाण्याला आपण तोंडातून चकार शब्द काढला नाही, नुसता अंगावर काटा आला होता, हे तो दर भोगीला न चुकता सांगायचा. विजयसिंह म्हणायचा, सिद्धू गप्प बसला, हेच एक त्या बँडचं न पाहिलेलं दृश्य.

नंतर सिद्धूनं ती कॅसेट इब्राहिमभाईंकडं किती वेळा मागितली, त्याला हिशेब नाही. त्यांच्या माळ्यावर शेकडो कॅसेटी होत्या. शोधू कधी तरी, असं म्हणता म्हणता इब्राहिमभाई गेल्या साली वारले.

यंदाची भोगी वेगळी निघाली. सरुबाई नुकतीच बारामतीच्या दवाखान्यातून आली होती. काळजाचं काम मंदावलेलं, फुप्फुसात पाणी. डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं होतं, आणि ते कशासाठी सांगतात हे सगळ्यांना कळत होतं. भाकऱ्या तिची भाची स्वरूपानं केल्या. तिघं खाटेभोवती बसली आणि काही तरी सांगायचं म्हणून विजयसिंहानं जनरेटरची गोष्ट काढली. नसरीननंही भांडण लावून बघितलं. कोणाला रंग चढेना. सरुबाईनं ऐकून घेतलं आणि मग धापा टाकत म्हणाली,

“लई वर्सं सांगताय रं. सांगून सांगून तो समदा तुमचा झाला. मला त्याचा आवाज आठवंना झालाय. एकदा ऐकवा.”

कॅसेट कुठं आहे ते सिद्धूला ठाऊक नव्हतं. पण तोंड त्याच्या ताब्यात कधी होतं? ऐकवतो मावशी, असं तो बोलून गेला. बाहेर आल्यावर विजयसिंहानं त्याला नाही नाही ते ऐकवलं. मरणाच्या दारातल्या बाईला खोटी आशा लावायला लाज कशी वाटत नाही म्हणाला. सिद्धू खाली मान घालून उभा राहिला. 

दुसऱ्या दिवसापासून त्यानं जिवाचं रान केलं. विशालला पुण्याला फोन लावला. तो आता फ्लॅट विकतो. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला की दादा, खरं सांगू का, मला त्यातलं आता काहीच आठवत नाही. शाहिदनं दुबईहून हात जोडल्याचं चित्र पाठवलं. संदेशचा नंबर दुसऱ्याच कोणाचा तरी झाला होता. दुकानात मोटारी साचत चालल्या आणि शेतकरी शिव्या देऊन जाऊ लागले. बायको, राजेश्वरी, इतकी वर्षं गप्प होती ती शेवटी बोलली. तुमी त्या बँडचे कोण लागता, असं तिनं विचारलं. सिद्धूजवळ त्या प्रश्नाचं उत्तर कधीच नव्हतं, म्हणून तर तो इतकी वर्षं जोरात ओरडत होता.

आणि मग नसरीनचा फोन आला. इतक्या वर्षांत तिचा आवाज असा पडलेला सिद्धूनं ऐकला नव्हता. तिनं आईला, चाँदबीला, माळ्यावरच्या कॅसेटींबद्दल विचारलं होतं. चाँदबीनं दिवाळीत माळा साफ केला होता. टेपरेकॉर्डर आता कोणाकडं नाहीत, नवरा राहिला नाही, मग हा पसारा कशाला? वरकुट्याची लीलाबाई भाजी विकायला यायची, तिनं मागितल्या म्हणून गोणीभर कॅसेटी तिला देऊन टाकल्या. लीलाबाईला त्या कशाला हव्या होत्या, हे इकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. ज्वारीला.

ज्वारी हुरड्यात आली की पाखरं उतरतात. मग शेतात उंच मेखा ठोकून त्यांना कॅसेटची पट्टी ताणून बांधायची. उन्हात ती चमकते, वाऱ्यावर गुणगुणते, आणि पाखरं बिचकून लांब राहतात. गावोगावच्या अंगाया, भाषणं, लग्नातली गाणी अशी ज्वारीवर टांगली गेली आहेत. कोणाला त्याचं काही वाटत नाही. आजवर सिद्धूलाही वाटलं नव्हतं.

तो पिकअप घेऊन तडक वरकुट्याला गेला. लीलाबाईची ज्वारी पुरुषभर उंच होती, आणि तिच्यावर या बांधापासून त्या बांधापर्यंत पट्ट्याच पट्ट्या. वारं सुटलेलं. सगळं शेत घूं घूं करत होतं. सिद्धू एका पट्टीखाली जाऊन कान लावून उभा राहिला. वेडाच तो. तसं काही ऐकू येत नसतं हे त्याला कळत होतं, तरी तो उभा राहिला.

लीलाबाईनं उकिरड्याकडं बोट केलं. तिथं फोडलेल्या कॅसेटींची टरफलं पडली होती. शेणात हात घालून सिद्धूनं एकेक पुसून बघितलं, आणि एका टरफलावर इब्राहिमभाईंचं अक्षर निघालं, ‘बावडा गणपती, पोरांचा बँड’. म्हणजे पट्टी इथंच होती. मग त्यानं शेत पुन्हा बघितलं. सगळ्या पट्ट्या तपकिरी, आणि विहिरीकडच्या बांधाला एकच ओळ काळी, मेखेमागून मेखेला गाठ मारत गेलेली.

लीलाबाई काही केल्या पट्टी काढू देईना. भोरड्या पाखरांचे थवेच्या थवे येतात, दाणा ठेवत नाहीत, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. पाखरांना भ्या दाखवायची वस्तू ती, तिच्यात गाणं कसलं आलंय, असंही म्हणाली. सिद्धूनं तिच्या पायाला हात लावला. मग इंदापुरात जाऊन खताच्या दुकानातून पाखरांच्या चमकत्या रिबिनीची रिळं आणली, आधी स्वतः ती सगळ्या बांधाला ताणून बांधली, आणि मगच काळ्या पट्टीला हात घातला.

मेखेमेखेला गाठ. नखानं सोडवावी तर पट्टी ताणते, दातानं सोडवावी तर ओली होते. तो एकेक तुकडा सोडवत होता आणि रिकाम्या चकरीवर गुंडाळत होता, विहिरीकडून सुरुवात करून, क्रम न चुकवता. मधेच वाऱ्याचा झोत आला आणि एक तुकडा हातातून सुटला. सिद्धू त्याच्यामागं ज्वारीत घुसला. पात्यांनी तोंड कापलं, डोळ्यात कुसळ गेलं, आणि तो तुकडा धरून बाहेर आला तेव्हा रडत होता. लीलाबाई बांधावर बसून हे बघत होती. काय समजायचं ते ती समजली असावी, कारण मग पदर खोचून ती पलीकडच्या टोकानं गाठी सोडवू लागली.

दुकानात आल्यावर सिद्धूनं शटर खाली ओढलं. पट्टी मऊ कपड्यानं पुसली, चुण्या अंगठ्यानं दाबून काढल्या, तुकड्याला तुकडा चिकटवला. आयुष्यभर तार गुंडाळली होती, पण इतक्या सांभाळून कधी नाही. एखादा तुकडा उलटा लागला असेल तर? दोन-चार वितींचे तुकडे मिळालेच नव्हते, त्यातच ते शेवटचं कडवं असेल तर? तपकिरी पट्टीच्या एका कॅसेटचं टरफल उघडून त्यात त्यानं ही भरली. टेपरेकॉर्डर तर त्यानं कधीचा दुरुस्त करून, फडक्यात बांधून ठेवला होता. कॅसेट घातली, दुसरी बाजू लावली आणि बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग गर्दी, शिट्ट्या. आणि मग एकदम, जणू शेडच्या दारातून आत यावा तसा, इंद्रजित बोलला.

“ह्ये गाणं माझ्या आयेसाठी हाय. ती आली न्हाय. तिची म्हैस व्यायलीय. तिला माझ्यापरीस म्हशीची काळजी जास्त.”

गर्दी हसली. सिद्धूनं झटकन बटण बंद केलं. पुढं ऐकायचा मोह त्यानं कसा आवरला हे त्याचं त्याला माहीत. उन्हानं पट्टी कडक झाली होती, एकदा चालली तरी दुसऱ्यांदा चालेल याची खात्री नव्हती. जे काही वाजायचं ते आधी मावशीच्या कानात पडू दे, असं त्यानं ठरवलं आणि पेन्सिलीनं पट्टी हळूच माघारी फिरवून घेतली.

तेवढ्यात विजयसिंहाचा फोन आला. यायचं असेल तर आजच ये, एवढंच तो म्हणाला. राजेश्वरीनं काही न विचारता टेपरेकॉर्डर आपल्या शालीत गुंडाळून दिला. वाटेत नसरीनला घेतलं. मोबाइलवर पुन्हा भरून घेऊ, म्हणजे पट्टी तुटली तरी गाणं राहील, असं तिनं ठरवलं होतं. वडगावपर्यंत कॅसेट सिद्धूच्या बनियनच्या आत, छातीशी होती. वाटेत उसाच्या ट्रॉल्या लागल्या की तो गाडी बैलगाडीसारखी हळू करायचा. नसरीन घाई कर म्हणाली नाही.

सरुबाईला उशांना टेकवून बसवलं होतं. चेहरा मेणासारखा झालेला, दोन श्वासांत अंतर पडू लागलेलं. पण सिद्धू आला म्हटल्यावर तिनं डोळे उघडले. स्वरूपानं खिडकी लावून घेतली. विजयसिंह पायाशी उभा राहिला. नसरीननं मोबाइल पुढं धरला. सिद्धूनं टेपरेकॉर्डर उशालगत ठेवला, आणि वर बघून, कोणाला ते त्यालाच माहीत, हात जोडले आणि बटण दाबलं.

खरखर. शिट्ट्या. ‘ह्ये गाणं माझ्या आयेसाठी हाय.’

सरुबाईचं तोंड उघडं राहिलं. म्हशीचं वाक्य आलं तेव्हा ती हसली, खरोखर हसली, आणि “ह्योच,” म्हणाली. तिचा हात चादरीवरून सरकत सरकत टेपरेकॉर्डरवर आला. विजयसिंहानं तोंड फिरवलं. एवढ्यावर पट्टी तुटली असती तरी चाललं असतं.

पण पट्टी तुटली नाही. विशालच्या काठ्या वाजल्या, शाहिदची गिटार किंचाळली, आणि गाणं सुरू झालं. आवाज आला तो इंद्रजितचा नव्हता. कोणी तरी टेपरेकॉर्डरच्या माइकच्या अगदी तोंडाशी बसून, घसा फाडून, सूर सोडून म्हणत होतं. दावं ढिलं सोड आये. सिद्धूला ते कोण हे क्षणभर कळलंच नाही. आपला आवाज माणूस बाहेरून कधी ऐकतो? विजयसिंहाला लगेच कळलं. नसरीनला कळलं. मग सिद्धूलाही कळलं.

खुर्ची धरून बसलेला तो. टेपरेकॉर्डर राखणारा तो. चकार शब्द न काढलेला तो. पहिल्या ओळीपासून एकही शब्द त्यानं सोडला नव्हता. त्या आवाजाच्या पाठीमागं, दोन शेतं ओलांडून कोणी गावं तसा, इंद्रजित होता. नीट कान दिला तर मधूनच त्याची एखादी लकेर लागायची, आणि लागते न लागते तोच सिद्धू तिच्यावर चढायचा. सिद्धूनं आवाज वाढवला, तर तो स्वतःच वाढला. कमी केला, तर इंद्रजित साफ बुडाला. त्यानं सगळी बटणं फिरवून बघितली. पोरगं आईला ऐकू यावं म्हणून जे जे केलं, त्यातून सिद्धूच मोठा होऊन बाहेर येत होता. बंद करावं तर तेवढंही गेलं.

दुसरं कडवं झालं. शब्द सगळे बरोबर होते, वीस वर्षं तिघं ज्यांच्यावर भांडली ते सगळे. सरुबाई डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. बाजारात गर्दीच्या पलीकडं आपलं माणूस दिसावं आणि मधली माणसं हटू नयेत, तशी ती कासावीस झाली होती.

आणि शेवटचं कडवं आलं.

सांजंला माघारी येईल वासरू गोठ्यात
दावं तेवढं राहू दे आये, तुझ्याच हातात

होतं. येत होतं वासरू माघारी. सिद्धूनं रचलं नव्हतं, त्याला आठवत होतं, आणि इतकी वर्षं तो खरं सांगत होता. पण हेही टेपमधून सांगत होता तो सिद्धूच, भोगीच्या पंगतीत दर वर्षी सांगायचा तसाच, छातीठोक.

सरुबाईनं टेपरेकॉर्डरवरचा हात उचलला आणि पंजा हळूहळू खाली दाबला.

“सिद्धू, तू जरा गप बस की रं लेका,” ती म्हणाली. “त्याला सांगू दे.”

सिद्धूनं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. टेपमधला आवाज चालूच राहिला.